चार म्हणजे पुन्हा, बारा म्हणजे थांबा

नव्हतोच मी खोलीत. तीन ते साडेचार मी खाली टपाल बघत होतो — चौकशीत तसं सहीनिशी दिलंय, तेव्हा तेच ते पुन्हा विचारू नका. तुम्ही पुण्याहून मशीन बघायला आलाय साहेब, मशीन बघा. प्रोग्राम तुमचा, मशीन तुमच्या कंपनीनं बसवलेलं, आणि चूक कुणाची हे लिहायचं कामही तुमच्याकडंच — सोयीचं आहे. आता दहा वाजून पाच. अकराला संचालक बसतील. तुमचा कागद त्यांच्यापुढं गेला की हे कॉम्प्युटरचं मशीन चालवणाऱ्या लीलाचं ठरणार. मशीन चुकलं म्हणालात तर पोरगी राहील. पोरगी चुकली म्हणालात तर दुपारच्या एस.टी.नं वडगावला परत, आणि हातात 'निष्काळजीपणामुळे कमी करण्यात येत आहे' असा हुकूम. तसले हुकूम मीच टाइप करत आलोय इतकी वर्षं, मला माहीत आहे — माणसाचं नाव विसरतात, कारखाना विसरतात, तो शब्द कुणी विसरत नाही. दुसऱ्या दारात उभी करणार नाहीत तिला. बाहेर बाकावर बसलीय बघा. साडेआठपासून बसलीय. आत ये म्हटलं तर नको म्हणाली.

चहा? चहा इथं चालत नाही. चपलाही चालत नाहीत, तुम्ही बुटासकट आत आलात ते आमच्या सयाजीनं बघितलं नाही म्हणून — शिपाई आहे, पण या खोलीच्या बाबतीत पुजाऱ्यापेक्षा कडक. इथं चेअरमनसुद्धा अनवाणी येतात. खंडेनवमीला पूजा केली आम्ही याची, हार घातला, तर झेंडूच्या पाकळ्या आत गेल्या म्हणून तुमच्याकडचा एक माणूस दोन दिवस मुक्कामाला होता. देवाचं सगळं करायचं आणि देवानं वर्षातून चारदा आजारी पडायचं, असा प्रकार. हसलात. चला, हसता येतं म्हणजे.

तर झालं ते एवढंच. आमच्याकडं ऊस लागणीच्या तारखेप्रमाणं तुटतो. आधी लावला त्याचा आधी — निदान कागदावर तरी. पूर्वी ती पाळी आम्ही सहा कारकून मिळून लावत होतो, आणि दर हंगामाला कुणीतरी येऊन आमची गचांडी धरत होतं, की माझा ऊस मागं का आणि सरपंचाच्या मेव्हण्याचा पुढं का. मग हे आलं. दर पंधरवड्याला नोंदी वाचतं, तारखेनं लावतं, छापतं, याद्या जीपमधनं गावोगाव जातात आणि तोडणीच्या टोळ्या त्याप्रमाणं फडात उतरतात. पंधरा डिसेंबरच्या यादीत कोडोलीकडच्या दोन वाड्यांचे एक्केचाळीस शेतकरी आलेच नाहीत. मागं नाहीत, पुढं नाहीत — नाहीतच. आणि नंतरच्या याद्यांतही येणार कसे? वाचताना मशीन प्रत्येक नावापुढं खूण करतं, की हा घेतला. त्याच्या हिशेबी ते एक्केचाळीस जण घेऊन झालेले.

दोन महिने कुणी बोललं कसं नाही म्हणता? बोलले की. पण पूर्वी गचांडी धरायला कारकून होता, आता कुणाची धरणार? गेल्या आठवड्यात पिराजी म्हणून एक शेतकरी आला त्या वाडीतनं, खांद्यावर तुरा आलेला ऊस, दारापेक्षा उंच. तुरा आला की ऊस आतनं पोकळ व्हायला लागतो साहेब, रोज थोडा थोडा हलका होतो, हे तुमच्या पुण्यात शिकवत नसतील. तो ऊस आडवा करून आत आणत होता. मला म्हणाला, 'पावणं, ह्याला दावा की माझा ऊस. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयला इचारलं तर म्हणतंय कॉम्प्युटरात न्हाय. रानात हाय की, म्हटलं. तर म्हणतंय, रानात असून काय करायचं.' मी त्याला ऊस बाहेर ठेवायला सांगितला. पाती खोलीत पडतील म्हणून. हो, तेवढंच सुचलं मला.

तो तक्ता? भिंतीवरचा? तो माझ्या हातचा आहे. तुमच्या पुस्तकातनं लीलानं मजकूर काढला, मी तो मराठीत सुवाच्य उतरवला. मशीनला काही मागितलं की ते एक आकडा देतं, एवढंच त्याचं बोलणं. शून्य — काम पुरे झाले. चार — काम मध्येच तुटले, हाती काही लागले नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगणे. बारा — जागा नाही. थांबणे व पुण्यास फोन करणे. आणखीही बरेच आहेत, पण रोजच्या उठबशीतले हे तीन. जागा म्हणजे काय हे मला आधी कळेना. लीलानं सांगितलं, आण्णा, असं समजा की आत एक लांबलचक टेबल आहे आणि त्या टेबलाचा एक मुकादम आहे. प्रोग्राम आला, म्हणाला मला कागद पसरायला अमुक हात जागा द्या. मुकादम मोजून देतो आणि शून्य म्हणतो. काम झालं की जागा परत करायची. मागत असतानाच कुणी हाक मारून उठवलं तर मुकादम चार म्हणतो, म्हणजे तुमचं मागणं अर्धवट राहिलं, पुन्हा या. आणि टेबल भरलेलंच असेल तर बारा. मी म्हटलं, बाई, हे आमच्या रेकॉर्ड खोलीसारखंच झालं की. तर म्हणाली, हो, फक्त इथं एक आहे — टेबलावर जे पसरलंय ते कागदावर उतरेपर्यंत खरं नाही. दिवा गेला, मशीन बंद झालं, की टेबल पुसलेलं. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, साहेब. चौतीस वर्षांत एका साहेबानं मला कुठली गोष्ट इतकी नीट समजावून सांगितली नाही.

त्या दिवशी चारचा आकडा तीन वेळा आला. का म्हणजे — पाहुणे होते. दुसऱ्या कारखान्यांची मंडळी मशीन बघायला आलेली, तीन तुकड्यांत. चेअरमनना हौस, की पाहुण्यांचं नाव मशीननं चांदण्यांत छापून द्यावं. तुम्हीच दिलाय तो खेळ — हातभर उंच अक्षरं, सगळी फुल्या-फुल्यांची. लोक घडी करून घरी नेतात, भिंतीला लावतात. आता मशीन पाळीच्या कामात गुंतलेलं, मग ते आधी सोडवायला पाहिजे ना? ते बटण आहे बघा उजव्या कोपऱ्यात, काम तोडायचं. ते दाबलं की पडदा एकदम स्वच्छ होतो, सगळे पुढं सरकतात, बायकासुद्धा पदर सावरून वाकून बघतात, आणि मी म्हणतो, आता बघा हं — 

मी म्हणजे कुणीही. जो कुणी खोलीत असेल तो. सांगायची एक पद्धत असते.

काय आहे हे? हा कागद कुठनं काढलात? आत्ता? याच्यातनं?

थांबा जरा, चष्मा लावू दे. पंधरा डिसेंबर. तीन वाजून दहा, चार. तीन चोवीस, चार. तीन एक्केचाळीस, चार. तीन बावन्न, बारा. — हे लिहून ठेवतं? आपलं आपण? कुणी सांगितलं त्याला? म्हणजे आम्ही इथं वर्षभर याच्यासमोर बसलोय आणि हे मुकाट्यानं आमची रोजनिशी लिहितंय. आणि पुढं हे काय, हे कंसातलं? कुठल्या खुर्चीवरनं बटण दाबलं तेही? दोन नंबर. दोन नंबर म्हणजे ही. लीलाची एक नंबर, ती तिकडची.

ही सुपरवायझरची.

बरं.

बरं, लिहू नका आत्ता. पेन खाली ठेवा. लिहायचं ते लिहाच, मी काही तुमचा हात धरणार नाही, पण ऐका आधी. मी होतो खोलीत. तिन्ही वेळा मीच दाबलं. साहेब, मला या मशीनवर तेवढं एकच बटण येतं. गेल्या वर्षी निवृत्त झालो तर चेअरमननी ठेवून घेतलं, म्हणाले, आण्णा, पोरीच्या डोक्यावर कुणीतरी जाणतं माणूस पाहिजे. जाणतं! मी जाणायचा तो कोरा कागद आणि बोरूची शाई. सहा महिने या खुर्चीवर बसून मी पडद्याकडं बघून मान हलवत होतो. मग एका दिवशी ते बटण सापडलं. सगळी धावपळ माझ्या एका बोटानं थांबते, पाहुणे माझ्याकडं बघतात. तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्हाला सगळीच बटणं येतात.

तीन बावन्नला बारा आला. पाहुणे अजून उभे. चेअरमन घड्याळ बघतायत, पाचला जीप सुटायची. पडद्यावर बारा आणि त्याच्याखाली 'वाचले ८१२'. लीला म्हणाली, पुण्याला फोन लावायचा. ट्रंक कॉल, चार माणसांच्या देखत, आणि काय सांगायचं, की पाहुण्यांची नावं छापता छापता जागा संपली? मी म्हटलं, फोन नको, बंद करून चालू कर. केलं तिनं. मी म्हटलं, आता आठशे तेरापासून पुढं चालव. तुमच्या दृष्टीनं वेडेपणा, पण मला तो वेडेपणा वाटलाच नाही. चौतीस वर्षं नोंदी लिहिताना साहेबांनी हाक मारली की वाचलेल्या शेवटच्या ओळीखाली फूटपट्टी ठेवायची, उठायचं, आणि परत आल्यावर पट्टीखालची ओळ धरायची. वहीत वाचलेलं वहीतच राहतं. कुठं जातंय? आठशे बारा वाचले, पट्टी आठशे बारावर. छापलेला शेवटचा आकडा सातशे एकाहत्तर होता — ते मी बघितलंच नाही. मधले एक्केचाळीस टेबलावर होते. टेबल पुसलं गेलं.

तिला माहीत होतं. ती म्हणाली, 'आण्णा, शून्य आलेलं नाही. आलं नाही म्हणजे झालं नाही. पहिल्यापासून घेऊया, अडीच तास लागतील.' हळूच म्हणाली हो, फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. आणि मी मोठ्यानं म्हटलं, 'तू मला नोंद ठेवायला शिकवणार?'

पाहुणे हसले. चेअरमनही हसले. तिनं आठशे तेरा घातलं.

चौकशीत तिला विचारलं, कुणी चालवलं, तर म्हणाली मी. कुणाच्या सांगण्यावरनं, तर गप्प. माझा जबाब तिच्यासमोर वाचून दाखवला — सदरहू वेळेत मी टपालाच्या कामात व्यग्र होतो. भाषा बघा, काय घडवलीय. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर मीही भांडलो असतो, ते मला जमतं. तिला इथं मीच लावलं ना, अर्जावर शिफारस माझी, ते ती धरून बसलीय. आणि त्या दिवसापासून सकाळी आल्यावर मला नमस्कार करते तो तसाच करते. तेच बोचतं, साहेब.

आता तुमचं बघू. दचकू नका, तुमचा मसुदा मी मघाशीच वाचलाय. उलटा. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून उलटा कागद वाचायला शिकलो नसतो तर कारकुनीत तगलोच नसतो. 'ऑपरेटरने सूचनांचे पालन न केल्यामुळे' — पहिल्याच ओळीत. आल्या आल्या लिहिलंत, बूट काढायच्याही आधी. मला एक सांगा, चार तीनदा आला, ठीक, मी बटण दाबलं म्हणून आला. पण बारा का आला? टेबल एवढं मोठं, पाळीचं काम रोज बसतं त्यावर. मग त्याच दिवशी का भरलं? सांगा की. — राहू द्या. मग मी सांगतो. काम तुटलं की तुमच्या प्रोग्रामनं आधी घेतलेली जागा परत करायला पाहिजे होती. तो करत नाही. चार आला की तो नुसता उठून जातो, कागद तसेच पसरलेले. पुन्हा सांगितलं की नवी जागा मागतो. तीनदा उठला, तीन ठिकाणी पसारा, चौथ्यांदा मुकादम म्हणाला बारा. मुकादमाचं काय चुकलं? बटण माझं, पसारा तुमचा, आणि हुकूम तिच्या नावाचा.

मला कुठनं कळलं? मला नाही कळलं. मला कशाचं कळणार.

हा खण जरा ओढा तुमच्या बाजूचा. अडकतो तो, वर उचलून ओढा. त्या लाल फितीखाली एक कागद आहे, पोपटी. तोच. वाचा. अठ्ठावीस नोव्हेंबर. यादी चुकायच्या सतरा दिवस आधी. 'पाहुणे आले असता चालू काम बटण दाबून तोडले जाते. प्रत्येक वेळी मशीनमधील मोकळी जागा कमी होते व मशीन बंद करेपर्यंत परत मिळत नाही. चार वेळा मोजून पाहिले, आकडे खाली देत आहे. कृपया पुण्यास कळवावे व तोपर्यंत चालू काम कोणीही तोडू नये अशी विनंती.' खाली सही. आकडे पेन्सिलीनं, चौकटी आखून. अक्षर बरं आहे, नाही? माझ्यासारखं वळण आहे. मीच बसवून घेतलं.

मला तो 'कोणीही' दिसला. कोणीही म्हणजे कोण — बटण दाबणारा इथं एकच होता. मला वाटलं, ही माझी तक्रार करतेय, लेखी, आणि मलाच हातात आणून देतेय. म्हटलं, ठेव, बघतो. ती म्हणाली आवक क्रमांक द्याल ना, म्हणजे मला लक्षात राहील. देतो म्हटलं. साहेब, चौतीस वर्षांत या कारखान्यात चिठोरं आलं तरी मी त्याला क्रमांक दिलाय. लग्नाच्या पत्रिकांना दिलाय. एकदा एका वेड्यानं चेअरमनना शापपत्र पाठवलं होतं, त्यालाही दिला, तारीख घालून. हा एक कागद क्रमांकाशिवाय खणात गेला. त्यावर क्रमांक पडला असता तर तो वर गेला असता, तुमच्याकडं आला असता, तुम्ही तुमचा पसारा आवरला असता. आणि मग माझ्या हातनं ते बटण गेलं असतं.

किती वाजले? अकराला पाच कमी.

द्या तो कागद. तुमच्याजवळ नको. आणि ती रोजनिशी पण द्या, तुम्ही दुसरी छापून घ्या, तुम्हाला येतं. शिक्का तिथं आहे, खिडकीत — हां. नाही, मागची तारीख नाही घालणार. घालता येते, शिक्का फिरवला की झालं, पण आजचीच घालतो. आज आला हा कागद. क्रमांक आठशे — बघू — आठशे त्र्याहत्तर. वहीत ओळ ओढायची राहिली, थांबा. 'लीला' या नावापुढं विषय काय लिहू? 'चालू काम न तोडण्याबाबत.' झालं.

कोण, सयाजी? काय म्हणतोस, लीलाबाईंना आत बोलावलंय? तिला म्हणावं बाकावरच बस. आधी आण्णा येतायत. आण्णांना बोलावलं नाही असं म्हणालं कुणी, तर म्हणावं हो, बोलावलं नाही. आणि तिला आणखी काही सांगू नको. काही म्हणजे काहीच नाही.

तुम्ही येताय, साहेब? आत दोन वाक्यं तुमचीही लागतील. पसाऱ्याबद्दलची.

नाही?

बरं. बसा. मसुद्याची पहिली ओळ ठेवायची का खोडायची ते तुमचं तुम्ही बघा, मी आता उलटं वाचणार नाही. सरका जरा. दार तुमच्या मागं आहे.